पहाटेचं हँडल

डिसेंबरात निपाणीच्या बाजूला गुऱ्हाळावर पहाटे चारला जावं. चुलवाणात रात्रीची धग असते, चिपाडं रचलेली असतात, गुळव्या घोंगडं पांघरून बसलेला असतो. सगळे अडलेले असतात ते गारठ्यात सुरू व्हायला कुरकुरणाऱ्या चरकाच्या इंजिनापाशी. लाइटीचा भरवसा नव्हता तेव्हा तर पहाट म्हणजे इंजिनच.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबून तापवावी लागते. चरकाचं इंजिन थोरलं असतं, पण हिशोब विहिरीवरच्या किर्लोस्कर एव्ही-१ वर चांगला समजतो. पाच हॉर्सपॉवर, ८० मिलिमीटरचा सिलिंडर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, कॉम्प्रेशन साडेसोळास एक. म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त हवा पोह्याच्या दोन-अडीच चमच्यांएवढ्या जागेत कोंबायची. ती इतकी तापते की नोझलातून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. थंडीत मात्र गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. ऑइल घट्ट झाल्यानं चाक जड जातं, आणि चाक हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते.

‘डिझेल गोठलं’ असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. बेळगावात पारा १२-१४ अंशांवर असताना ते गोठत नाही. लडाखात खरंच थिजतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल तिकडे दिलं.

किर्लोस्करच्या इंजिनाबद्दल मला जास्तच जिव्हाळा आहे, कारण त्याची मुळं इथली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, पुढे इथंच लोखंडी नांगर घडवला. १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची.

आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जनरेटर बटणावर चालू होतात. तिथं थंडीचा मार बॅटरीवर बसतो. ती आधीच दमलेली, त्यात इंजिन जड. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मग थोडं थांबावं; एकसारखा दाबून धरला तर स्टार्टर जळतो. दवाखान्यात वीज गेल्याक्षणी सेट उचलायलाच हवा, म्हणून तिथं इंजिनाचं पाणी हीटरनं कोमट ठेवतात. गुऱ्हाळावर हीटरचं काम चुलवाण करतं. त्यावर तापवलेलं पाणी इंजिनात ओततात आणि लोखंड हाताला ऊबदार लागेपर्यंत थांबतात. थांबायला धीर लागतो, पण तो अर्धा तास वाया जात नाही. इथर फवारून घाई करणाऱ्यांची मला भीती वाटते. त्या दणक्यानं पिस्टन फुटतो.

मग एक जण डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडून देणारा, लिव्हर वर धरतो, दुसरा हँडल घेतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, कारण इंजिनानं उलटं मारलं तर अंगठा मोडतो. लहानपणी मला हे हँडलला हात लावण्याआधी शिकवलं होतं. चाक आधी जड, मग हलकं, मग भरभर. ‘सोड!’ म्हटलं की लिव्हर खाली. एक ठोका चुकतो, दुसरा बसतो. धुराड्यातून न जळालेल्या डिझेलचा पांढरा धूर निघतो, डोळे झोंबतात. हळूहळू तो विरळ होतो, ठोके एकसारखे पडू लागतात, पट्टा चढतो आणि चरकात पहिला ऊस जातो.