आधी कचेरी, मग कोच

8 मे 2013 रोजी सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा मँचेस्टर युनायटेड नुकतंच इंग्लंडचं विजेतेपद पटकावून बसलं होतं. नोव्हेंबर 1986 पासून साडेसव्वीस वर्षं एकच माणूस संघ चालवत होता. त्याच्या नावावर 13 लीग विजेतेपदं होती, दोनदा चॅम्पियन्स लीग होती आणि एकूण 38 करंडक होते. साहजिकच जगभर एकाच प्रश्नाची चर्चा झाली : आता वारस कोण? त्याच उन्हाळ्यात क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हेही दहा वर्षांनंतर पायउतार झाले. ते जाणार हे फेब्रुवारीतच ठरलं होतं, पण त्याची बातमी आतल्या पानावर राहिली. माझ्या मते ती पहिल्या पानावरची बातमी होती. पुढच्या दशकभरात युनायटेडची जी घसरण झाली, तिचं खापर चुकीच्या वारसावर फोडण्याची पद्धत पडली आहे. माणसापेक्षा क्रम जास्त चुकला, असं मला वाटतं. क्लबने आधी कोच निवडला आणि त्याच्या मागे उभी राहणारी कचेरी पुढे कधीतरी बांधू म्हणून सोडून दिली.

इंग्लंडमध्ये ‘मॅनेजर’ या पदाचा पसारा केवढा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय हा मुद्दा पटणार नाही. इटली, स्पेन किंवा जर्मनीत मैदानावरचं काम कोचकडे असतं. खेळाडूंची खरेदी-विक्री, करार, स्काउटिंग या गोष्टी स्पोर्टिंग डायरेक्टर पाहतो. इंग्लिश मॅनेजर मात्र शनिवारचा संघ निवडायचा, पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचं तेही ठरवायचा आणि चौदा वर्षांच्या मुलांच्या अकादमीवरही नजर ठेवायचा. फर्ग्युसन यांनी आल्या आल्या स्काउट वाढवले, युवा संघाची घडी बसवली; बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू त्यातूनच आले. म्हणजे सगळी कामं ते स्वतः करत होते, असं मुळीच नाही. रोजचा सराव त्यांनी केव्हाच सहाय्यकांवर सोपवला होता. आर्ची नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लॅरेन, कार्लोस केरोश, रेने म्यूलेनस्टीन अशी ती सहाय्यकांची परंपरा आहे. कामं वाटलेली होती, पण वाटणी कागदावर नव्हती. ती एका माणसाच्या डोक्यात होती. दोन विभागांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. खेळाडूचं नाव फर्ग्युसन सांगत आणि सौदा गिल जुळवत. ही जोडी एकाच उन्हाळ्यात फुटली.

त्या उन्हाळ्यातला एक सौदा जवळून पाहण्यासारखा आहे. नवे मॅनेजर डेव्हिड मॉयेस एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं काढून आले होते. एव्हर्टनचा मधल्या फळीतला बेल्जियन खेळाडू मारुआन फेलाइनी याला तिथे त्यांनीच आणलं होतं. त्याच्या करारात अट होती : जुलैअखेरपर्यंत कोणी 2 कोटी 35 लाख पौंड मोजले, तर एव्हर्टनला त्याला अडवता येणार नाही. ती मुदत टळून गेली. अखेर 2 सप्टेंबरला, खरेदीची खिडकी बंद होण्याच्या दिवशी, युनायटेडने त्याच खेळाडूसाठी 2 कोटी 75 लाख मोजले. ज्या खेळाडूला नव्या मॅनेजरइतकं कोणीच ओळखत नव्हतं, त्याच्यासाठी 40 लाख पौंड जादा गेले! त्याच दिवशी अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या अँडर हेरेराचा सौदाही फिसकटला. तो खेळाडू वर्षभराने आला. या चुका मैदानावरच्या नाहीत, कचेरीतल्या आहेत. गिल यांच्या जागी आलेले एड वुडवर्ड मूळचे बँकर. क्लबचे प्रायोजक वाढवण्यात त्यांचा हातखंडा होता, पण खेळाडूंच्या बाजाराची सूत्रं त्यांच्या हाती प्रथमच आली होती. दुसरीकडे मॉयेस यांनी आपली माणसं आणली आणि सहाय्यक माइक फेलन, म्यूलेनस्टीन, गोलकीपिंग कोच एरिक स्टील हे तिघेही गेले. पॉल स्कोल्स निवृत्त झाला होता, रायन गिग्ज 39 वर्षांचा होता, बचावातले फर्डिनंड, विडिच, एव्रा तिघेही तिशीपार. संघ बदलायला आला होता आणि तो कसा बदलायचा हे ज्यांना माहीत होतं, ते सगळे एकदमच दाराबाहेर पडले होते. सहा वर्षांचा करार हाती असलेल्या मॉयेस यांना 22 एप्रिल 2014 रोजी काढण्यात आलं. संघ सातवा आला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मॉयेस त्या कुवतीचे नव्हतेच. एव्हर्टनमध्ये त्यांनी एकही मोठा करंडक जिंकला नव्हता, हे खरं आहे. पण त्यांच्यानंतर लुई फान गाल आले. त्यांनी नेदरलँड्स, स्पेन आणि जर्मनी या तिन्ही देशांत लीग जिंकली होती. मग जोझे मोरिन्यो आले. पोर्तुगाल, इंग्लंड, इटली, स्पेन अशा चार देशांतली विजेतेपदं त्यांच्याकडे होती. फान गाल यांनी 2016 चा एफए कप जिंकला आणि दोनच दिवसांत त्यांना नारळ मिळाला. मोरिन्यो यांनी 2017 मध्ये लीग कप आणि युरोपा लीग आणली. लीगचं विजेतेपद मात्र कोणालाच आणता आलं नाही. प्रत्येकाची खेळाची कल्पना वेगळी आणि प्रत्येकाने आपल्या कल्पनेचे खेळाडू मागितले. मॅनेजर गेला की खेळाडू मागे उरत आणि पुढच्याला ते नको असत. 2014 मध्ये जवळपास सहा कोटी पौंडांना आणलेला आंखेल दि मारिया वर्षभरात पॅरिसला विकला गेला. हा खेळाडू तीन वर्षांनी, दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखालीही उपयोगी पडेल का, हे विचारणारं माणूसच क्लबमध्ये नव्हतं. फुटबॉल डायरेक्टर हे पद युनायटेडने प्रथम निर्माण केलं मार्च 2021 मध्ये, जॉन मर्टो यांच्यासाठी. फर्ग्युसन यांना जाऊन तेव्हा जवळपास आठ वर्षं झाली होती.

दुसरा आक्षेप मालकांविषयीचा, आणि त्यामागचा चाहत्यांचा संताप रास्त आहे. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारलं. पण याच मालकांच्या काळात, हेच कर्ज डोक्यावर असताना, फर्ग्युसन यांनी पाच वेळा लीग जिंकली. 2013 नंतर खेळाडूंवर खर्च झाला नाही, असंही कोणी म्हणू शकणार नाही. पैसा होता, तो कशावर घालायचा हे ठरवणारी व्यवस्था नव्हती. फेब्रुवारी 2024 मध्ये सर जिम रॅटक्लिफ भागीदार झाले आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्या हाती आला, तेव्हा तरी क्रम सुधारेल अशी आशा होती. त्यांनी माणसं निवडली ती नामांकित. मुख्य कार्यकारी म्हणून ओमर बेराडा मँचेस्टर सिटीतून आणि स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन अ‍ॅशवर्थ न्यूकॅसलमधून आले, पण दोघेही रुजू झाले जुलैमध्ये. तेव्हाचे मॅनेजर एरिक टेन हाग यांना ठेवायचं हा निर्णय त्याआधी जूनमध्येच झाला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा करार वाढवला, ऑक्टोबरअखेर त्यांना काढलं आणि डिसेंबरात खुद्द अ‍ॅशवर्थही गेले. तो मोसम युनायटेडने पंधराव्या स्थानावर संपवला. 1974 मध्ये संघ खालच्या श्रेणीत फेकला गेला होता, त्यानंतरची ही सगळ्यात खालची जागा.

माझ्या म्हणण्यावरचा खरा जड आक्षेप आर्सेनलमधून येतो. आर्सेन वेंगर 1996 ते 2018 अशी बावीस वर्षं तिथे होते. तीन लीग, सात एफए कप, 2003-04 चा अपराजित मोसम, आणि या सगळ्याच्या जोडीला नव्या स्टेडियमच्या कर्जाच्या काळात संघ दरवर्षी युरोपात नेण्याची कसरत. 2007 मध्ये उपाध्यक्ष डेव्हिड डीन बाहेर पडले, आणि खेळाडूंच्या बाजारातला वेंगर यांचा भरवशाचा साथीदार गेला. तेव्हापासून निर्णय अधिकाधिक त्यांच्याभोवती गोळा होत गेले. डायरेक्टर ऑफ फुटबॉल या पदाची कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. 2017 मध्ये पत्रकारांसमोर त्यांनी ती उडवून लावली होती. तरी मुख्य कार्यकारी इव्हान गझिडिस यांनी ती रेटली. डॉर्टमुंडहून स्काउटिंगसाठी स्वेन मिझलिंटाट आले आणि बार्सेलोनाहून राउल सान्येही आले. हे दोघे वेंगर असतानाच आले होते. म्हणजे कचेरी आधी आणि कोच नंतर, हा क्रम आर्सेनलने पाळला होता. उनाई एमेरी यांना नेमतानाही ‘हेड कोच’ म्हणूनच नेमलं. आणि तरीही ते दीड वर्षात गेले, संघ पुढे लागोपाठ दोनदा आठवा आला. मग क्रमाचा उपयोग काय झाला?

इथे तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. वेंगर मे 2018 मध्ये गेले. गझिडिस यांनी सप्टेंबरमध्येच मिलानची वाट धरल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारी 2019 मध्ये मिझलिंटाट बाहेर पडले. ज्याने नकाशा काढला तो आधी गेला, ज्याच्यावर स्काउटिंग सोपवलं तो मागोमाग गेला आणि उरलेली सत्ता सान्येही यांच्या हाती आली. त्यांच्या काळात निकोला पेपे क्लबच्या विक्रमी 7 कोटी 20 लाख पौंडांना आला आणि ती किंमत त्याच्या खेळातून कधी वसूल झाली नाही. अ‍ॅरन रॅमसी करार संपवून फुकटात युव्हेंटसला गेला. ऑगस्ट 2020 मध्ये सान्येहीही गेले. म्हणजे आर्सेनलने कचेरी बांधली, पण तिथे शेवटचा शब्द कोणाचा हे कधी ठरलंच नाही आणि दोन वर्षांत ती तीनदा बदलली. काम वाटून दिल्याने कारस्थानं वाढतात, एकहाती कारभारच बरा, असा निष्कर्ष यातून काढणारे बरेच आहेत. मला तो मान्य नाही. सावरायला सुरुवात झाली तीही वाटणीतूनच. 2019 च्या जुलैत टेक्निकल डायरेक्टर म्हणून एडू आले आणि डिसेंबरात मिकेल आर्टेटा. 2020 च्या सप्टेंबरात आर्टेटा यांचं पद हेड कोचवरून मॅनेजर झालं, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत त्यांचा अधिकार उघडपणे मान्य केला गेला. अधिकार कोचकडे थोडा जास्त असो की कमी, तो लिहून ठेवलेला असला आणि समोरचा माणूस टिकला, की काम चालतं. दोन वेळा आठवा आलेल्या कोचला एडू यांनी आणि मालकांनी सांभाळून घेतलं. 2022-23 पासून आर्सेनल सलग तीन मोसम दुसरं आलं.

लिव्हरपूलचं उदाहरण इतकं सरळ आहे की फार लांबवायची गरज नाही. युर्गन क्लॉप यांनी 26 जानेवारी 2024 रोजी, मोसम अर्धा उरलेला असताना, आपण जाणार असं सांगितलं. मालकांनी त्या चार महिन्यांचा उपयोग केला. मार्चमध्ये मायकेल एडवर्ड्स परतले. क्लॉप यांच्या सर्वोत्तम वर्षांत हेच स्पोर्टिंग डायरेक्टर होते आणि 2022 मध्ये ते बाहेर पडले होते. पाठोपाठ बोर्नमथचे रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून ठरले. त्यानंतर कोचचा शोध सुरू झाला आणि आर्ने स्लॉट सापडले. त्या उन्हाळ्यात लगेच खेळू शकेल असा एकच मोठा खेळाडू घेतला, फेडेरिको किएझा, तोही स्वस्तात. असलेला संघ उत्तम आहे, हे सांगायला कचेरीत माणसं बसली होती आणि नव्या कोचला ते ऐकावं लागलं. 27 एप्रिल 2025 रोजी, चार सामने शिल्लक असताना, लिव्हरपूलने विसावं लीग विजेतेपद मिळवलं. पुढच्याच मोसमात याच कचेरीने 40 कोटी पौंडांहून जास्त खर्च केला आणि संघ शरदात सलग चार लीग सामने हरला. त्याआधी जुलैमध्ये दियोगो जोटाच्या अपघाती मृत्यूने संघ हादरलेला होता, हेही विसरता येत नाही. चांगली कचेरी विजेतेपदाची हमी देत नाही. माणूस गेल्यावर घर कोसळणार नाही, एवढंच ती पाहते, आणि युनायटेडकडे पाहिलं की हे ‘एवढंच’ किती मोठं आहे ते कळतं.

मँचेस्टर सिटीने तर हा क्रम दोन्ही टोकांनी पाळला. पेप गार्डिओला 2016 मध्ये आले. बार्सेलोनात त्यांच्याबरोबर काम केलेले फेरान सोरियानो आणि चिकी बेगिरिस्तैन सिटीत 2012 पासूनच बसले होते. 2025 च्या उन्हाळ्यात बेगिरिस्तैन गेले आणि ह्यूगो व्हियाना आले, तेव्हा गार्डिओला जागेवरच होते. कचेरीतला माणूस बदलायचा तो कोच असताना, म्हणजे दोन्ही खांब एकदम हलत नाहीत. याच मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये मुंबई सिटी एफसीचा 65 टक्के हिस्सा घेतला आणि तीच रीत आपल्याकडे पाहायला मिळाली. एफसी गोवातून आलेल्या सर्जिओ लोबेरा यांनी 2020-21 मध्ये लीग टप्प्यातल्या अव्वल स्थानाची शील्ड आणि आयएसएल करंडक दोन्ही जिंकले आणि ते गेले. डेस बकिंगहॅम आले, त्यांनी 2022-23 ची शील्ड आणली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन मोसमात, तेही ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले. ग्रुपच्याच मेलबर्नच्या क्लबमध्ये काम केलेले पेत्र क्रात्की आले आणि 4 मे 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबईने मोहन बागानला 3-1 ने हरवून करंडक घेतला. दोन वर्षांच्या कोचची आणि सव्वीस वर्षांच्या मॅनेजरची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही. पण आपल्याकडे कोच सरासरी किती थोडे टिकतात हे पाहता, खेळाडूंची माहिती आणि करार क्लबच्या हाती राहण्याची निकड भारतात कमी नाही, जास्तच आहे. म्हणून आपल्या आवडत्या संघाचा जुना कोच जात असल्याची बातमी वाचाल, तेव्हा नव्या कोचच्या नावाची वाट पाहण्याआधी एवढं शोधून काढा : खेळाडू घेण्याच्या कागदावर उद्या सही कोण करणार, आणि तो माणूस आजच कामाला लागला आहे का?