‘साधी’ गाठ – पण हृदयातली!

“काही नाही हो, जरा अशक्तपणा आहे!” नांदेड-लातूरकडे घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य. जिना चढताना धाप लागली? अशक्तपणा! पाण्याचा हंडा ओट्यावर ठेवताना छातीत धडधडलं? अशक्तपणा! मागच्या नवरात्रात माहूरगडाच्या पायऱ्या एका दमात चढलेली बाई यंदा चार ठिकाणी टेकते, तर बरोबरच्या म्हणतात, “चाळिशी आली की असंच व्हायचं बाई.” मग गूळ-शेंगदाणे, खजूर आणि टॉनिकची बाटली सुरू होते.

बरं, हे नेहमीच चुकतं असंही नाही. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, हे खरंच आहे. पण क्वचित, अगदी क्वचित, ही धाप रक्त कमी असल्याची नसते. हृदयाच्या आत एक गाठ वाढत असते. कर्करोगाची नव्हे, साधीच. वैद्यकशास्त्रात तिला मिक्सोमा म्हणतात. ती पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते आणि तेही तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे नेमकी संसाराच्या ऐन गडबडीत!

समजा, नांदेडच्या वजिराबादेत राहणाऱ्या एक वहिनी आहेत. वय त्रेचाळीस. चार महिन्यांपासून धाप लागते. संध्याकाळी कणकण येते. वजन उतरलं आहे आणि सांधे दुखतात. एका कुशीवर झोपलं की जीव घुसमटतो, कूस बदलली की सुटल्यासारखं वाटतं. एकदा देवापुढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आता या एकेका तक्रारीचं औषध वेगवेगळ्या ठिकाणी मिळतं. तापाला विषमज्वराची तपासणी, सांध्यांना आमवाताचं तेल, वजनाला क्षयाची शंका. सगळ्या तक्रारी एकत्र मांडून बघायला कुणाला सुचत नाही आणि वहिनीही डॉक्टरांना सगळं एका बैठकीत सांगत नाहीत. आपण बायका असंच करतो. मुलाच्या खोकल्यासाठी गेलो की जाता जाता आपलं एखादं दुखणं सांगायचं, झालं.

ही गाठ करते काय? हृदयाला चार कप्पे असतात. फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येतं आणि झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. चारपैकी तीन रुग्णांत मिक्सोमा या डाव्या वरच्या कप्प्यातच असतो. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने चिकटलेला, जेलीसारखा लिबलिबीत गोळा. कधी बोराएवढा, कधी लिंबाएवढा, कधी त्याहूनही मोठा. देठ लवचीक असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला तो झडपेकडे झुलतो. मोरीच्या जाळीवर भाजीचा पाला येऊन बसला की पाणी कसं तुंबतं, तसं रक्त मागे तुंबतं, फुप्फुसावर दाब येतो आणि धाप लागते. शरीराची ठेवण बदलली की गोळा सरकतो, म्हणून कुशीगणिक त्रास कमी-जास्त होतो.

डॉक्टरांच्या नळीलाही तो फसवतो. लहानपणी सांधेतापाने झडप आकसलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ. त्या झडपेचा आवाज आणि या गाठीचा आवाज जवळजवळ सारखाच. कार्डिओग्राममध्ये नि छातीच्या एक्स-रेमध्येही काही वेळा ठळक असं काही दिसत नाही. खरी गोष्ट सांगतो तो टू-डी इको. दिवस गेल्यावर पोटाची सोनोग्राफी करतात ना, तीच युक्ती हृदयावर. सुई नाही, भूल नाही, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. नांदेडलाही होतो, लातूरलाही होतो. पडद्यावर गाठ झुलताना स्पष्ट दिसते.

या इकोचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक यांनी जहाजाच्या कारखान्यातून एक यंत्र उसनं आणलं. लोखंडाच्या जोडकामात भेग आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासायचं ते यंत्र. त्यांनी ते माणसाच्या छातीवर लावलं! पुढे १९५९ साली जर्मनीत याच पद्धतीने हृदयातली गाठ ओळखली गेली. त्याआधी ती बहुतेक वेळा शवविच्छेदनातच सापडायची. शस्त्रक्रियेची कहाणीही त्याच काळातली. १९५४ साली स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्रॅफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने डाव्या कप्प्यातला मिक्सोमा काढला आणि रुग्ण वाचला. असं यश प्रथमच आलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयारोपणापर्यंत मजल मारली होती. तो रुग्ण जगला नाही, पण हृदयाला हात घालायची भीती तोवर पुष्कळ मोडली होती.

आता वजिराबादेतल्या वहिनींकडे परत येऊ. इको झाला, गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, “गाठ साधी दिसते, पण लवकर काढायला हवी.” घरी आल्यावर आत्याबाईंनी अर्धंच वाक्य धरलं. “साधीच आहे म्हणतात ना? मग दिवाळी होऊ दे, पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघू.”

इथे मात्र मला भांडावंसं वाटतं. साधी म्हणजे कर्करोगाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. थांबायला चालेल असा नव्हे! या लिबलिबीत गाठीचे तुकडे सुटतात, रक्ताबरोबर वाहत मेंदूत जातात आणि धडधाकट बाई एका सकाळी अर्धांगवायूने पडते. तीन-चार रुग्णांमागे एकीला असा तुकडा कुठे ना कुठे जाऊन अडकतो. कधी गाठच झडपेच्या तोंडाशी घट्ट बसते आणि जागच्या जागी प्राण जातो. म्हणून निदान झालं की डॉक्टर महिने नाही, दिवस मोजतात. ही गाठ विरघळवणारं औषध नाही. काढा नाही, गोळी नाही, पथ्य नाही.

हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला कधी पाण्याने भरलेली पुटकुळीसारखी गाठ येते. ती त्रास देत नसेल तर नुसती नजरेखाली ठेवतात. शेजारच्या काकूंची अशी गाठ न कापता राहिली असेल, तर तो दाखला मिक्सोमाला लावू नका.

ऑपरेशनसाठी आपल्या भागातली माणसं पूर्वापार हैदराबादची वाट धरतात, नाहीतर औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, लातूरकरांना सोलापूर किंवा पुणे. पैशांचं काय, हा प्रश्न पहिला येतो. राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आधी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. लातूर पुढच्या वर्षी आलं. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठा. दागिने मोडायचा विचार त्यानंतर.

ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उघडतात. रक्त यंत्रातून फिरवतात, हृदय काही वेळ थांबवतात. देठाच्या मुळाशी असलेला पडद्याचा तुकडाही गाठीबरोबर काढतात, नाहीतर ती पुन्हा उगवेल. भोक शिवतात किंवा ठिगळ लावतात. अनुभवी हातांत धोका शंभरात थोड्यांनाच. बहुतेक जणी आठ-दहा दिवसांत घरी येतात. झडप सहसा बदलावी लागत नाही, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्याही बहुतेकींना जन्मभर लागत नाहीत.

खरी परीक्षा घरी असते. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिने लागतात. तोवर भरलेली बादली, घागर, गॅसचं सिलिंडर काही उचलायचं नाही, माळ्यावरचा डबा काढायचा नाही. आणि ज्वारीची भाकरी थापायची नाही! भाकरी थापताना दोन्ही हातांचा जोर छातीच्या हाडावर येतो, हे थापणाऱ्यालाच ठाऊक. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी. ताज्या व्रणावर मंगळसूत्राचे मणी घासतात. काही आठवडे ते देवापाशी ठेवलं तर आत्याबाईंनी बोल लावू नये. नवऱ्याचा जीव त्या मण्यांत नाही, वहिनींच्या जिवाचा प्रश्न मात्र त्या व्रणाशी आहे.

गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन. एखाद्याच कुटुंबात ती रक्ताच्या नात्यात फिरते. अशा घरात ओठांवर, चेहऱ्यावर तपकिरी ठिपके दिसतात. तिथे भावंडांचा आणि मुलांचाही इको करून घेतात. बाकीच्यांनी वर्षातून एकदा स्वतःचा करायचा. त्यासाठी हैदराबाद गाठायला नको. नांदेड-लातुरात सकाळी जाऊन दुपारच्या स्वयंपाकाला परत येता येतं.