उन्हाळी वाचन – ४ : कणगीतलं बियाणं

जपानी शेतकरी-लेखक फुकुओकांची बाग या रविवारी दाखवीन म्हटलं होतं. ती थोडी थांबू दे. साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘तुमच्या यादीत सगळे परदेशीच कसे? आपल्याकडे कुणी टिकाऊ अर्थकारणाचा विचारच केला नव्हता काय?’ सवाल रास्त आहे. गेल्या आठवड्यात अर्थतज्ज्ञ शूमाखरांवर पान भरलं, तेव्हा त्यांच्याच पुस्तकातलं एक नाव मी घाईत ओलांडून गेलो.

‘स्मॉल इज ब्युटिफुल’मधलं बौद्ध अर्थशास्त्राचं प्रकरण काढा. काम माणसाला कसं घडवतं हे सांगताना शूमाखर आधार घेतात तो जे. सी. कुमारप्पांचा. आणि या कुमारप्पांचा मुक्काम कुठे, तर आपल्या वर्ध्याला, ग्रामोद्योगांचं केंद्र असलेल्या मगनवाडीत!

तंजावरचे, ख्रिस्ती घरातले, मूळचं आडनाव कॉर्नेलियस. लंडनला हिशेबतपासणी शिकले, मुंबईत व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात भारताच्या दारिद्र्यावर प्रबंध लिहिला आणि तो छापण्यासंबंधी गांधीजींना भेटायला १९२९च्या मे महिन्यात साबरमतीला गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत काततोय. भेटीच्या वेळेला अवकाश होता, म्हणून काठीवर रेलून हे साहेब त्याचं कातणं बघत राहिले. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानंच विचारलं, तुम्हीच का कुमारप्पा? तेव्हा कुठे उलगडा झाला. मग रेशमी विजारीची तमा न बाळगता खालीच बैठक मारली. पुढे आयुष्यच त्या बैठकीत गेलं.

मला सुचवायचंय ते त्यांचं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. तुरुंगात लिहिलेलं छोटेखानी पुस्तक. गांधीजींनी ऑगस्ट १९४५मध्ये मुंबईच्या गाडीत बसून त्याची प्रस्तावना लिहिली आणि तीत बजावलं, की हे नीट कळायचं तर दोन-तीनदा वाचावं लागेल. खरंय. उत्तरार्ध मला आजही रुक्ष वाटतो; पूर्वार्ध मात्र आंब्याखाली बसून वाचावा असा. तिथे आंबा आहेही. माकड आमराईत शिरतं. त्यानं ना खणलं, ना लावलं, ना पाणी घातलं. फळं तेवढी खाऊन जातं. कुमारप्पांच्या लेखी ही लुटारू अर्थव्यवस्था. वाघाची त्याहून वाईट, कारण तो ज्याच्यावर जगतो त्यालाच संपवतो. मग स्वतःचं घरटं बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी, आणि सगळ्यांत वर, परतफेडीची आशा न धरता पिलाला भरवणारी आई. मुलांच्या गोष्टीसारखं वाटतं. पण आपापला धंदा यांतल्या कुठल्या घरात बसतो हे एकदा ठरवून बघा. मी माझा ठरवला होता. सांगणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. कोळसा, खनिज तेल, धातूंचे दगड यांचा साठा ठरावीक. उपसाल तेवढा कमी होणार. नदीचा ओघ आणि वाढतं जंगल यांचं तसं नाही. पहिल्यावर उभारलेलं सारं क्षणभंगुर, दुसऱ्यावरचं टिकाऊ, असं कुमारप्पा १९४५मध्ये लिहितात. शूमाखर १९७३मध्ये म्हणतात, की इंधनाचं भांडवल आपण उत्पन्न समजून उडवतोय. त्यांची बरीच वर्षं ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात आर्थिक सल्लागार म्हणून गेली होती. एक हिशेबतपासनीस, दुसरा कोळशाचा जाणकार. दोघांनाही आधी खतावणीच खटकली. आमच्या आजीला यातलं एकही पुस्तक ठाऊक नव्हतं, पण पेरणीआधी कणगीतलं बियाणं दळायला काढणाऱ्या घराबद्दल ती काय बोलायची, ते छापण्याजोगं नाही.

कुमारप्पा नुसते लिहून थांबले नाहीत. गिरणीत तांदळाचा कोंडा जातो आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते, म्हणून मगनवाडीत हातसडीच्या तांदळाचा आग्रह. रॉकेल बाहेरून येतं, म्हणून तिथेच वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप घडवला. हातसडीचा तांदूळ आता शहरात मिळतो, पण भाव असा की कांडणाऱ्या बाईला स्वतःला तो परवडायचा नाही. कुमारप्पांनी हा हिशेब कसा मांडला असता, याचं मला कुतूहल आहे.

वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय बघा. १९३८मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. मी भर मे महिन्यात दुपारी दोनला गेलो होतो, तसं मात्र करू नका. पुस्तकाचं पहिलं वाचन आटोपून पहाटेच्या गाडीनं निघा.

फुकुओका पुढच्या रविवारी. बहुतेक.