पावसाळ्याचं पथ्य : सुका बोंबील, टाकळा आणि रक्त पातळ करणारी गोळी

पहिला पाऊस पडून गेला की डहाणूच्या बाजाराचं रूप पालटतं. तलासरी, कासा भागातून आलेल्या वारली बायका टाकळा, लोत, शेवळं, कुरडू मांडून बसतात. त्यांच्याच आसपास किनाऱ्यावरच्या मांगेला बायकांच्या टोपल्या असतात. त्यांत सुके बोंबील, जवळा आणि मिठात मुरवलेल्या मोठ्या माशांच्या तुकड्या. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी दुर्मीळ. घरोघरी रानभाजी आणि सुकी मासळी यांवरच जेवण उभं राहतं.

ज्या घरात कोणाच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे आणि पायांवर सूजही येते, त्या घराने या दोन्ही टोपल्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. मिठाच्या मासळीने अंगात पाणी साठतं आणि एकदम वाढलेल्या पालेभाजीने झडपेसाठी घ्याव्या लागणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर उतरतो. दोन्ही धोके नेमके एकाच ऋतूत येतात.

गोळीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. वॉरफरिन आणि भारतात जास्त वापरली जाणारी ॲसिनोकुमॅरॉल या गोळ्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या आडव्या येतात. यकृत रक्त गोठवणारे काही घटक याच जीवनसत्त्वाच्या मदतीने बनवतं. वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आलं. गोळीचा परिणाम आयएनआर या रक्तचाचणीने मोजतात. एरवी हा आकडा १ च्या आसपास असतो. गोळी चालू असताना तो बहुधा २ ते ३ ठेवतात, काही झडपांसाठी त्याहून थोडा वर. ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान या नव्या गोळ्यांना पालेभाजीचं हे बंधन नाही, पण धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत.

आता सुका बोंबील. या किनाऱ्याच्या स्वयंपाकघरातली ही सर्वांत मोलाची वस्तू आणि पथ्याच्या कागदावर सर्वांत अन्याय झालेलीही. ‘सुकी मासळी बंद’ असं सरसकट लिहून दिलं जातं. पण सुकी मासळी दोन तऱ्हेची असते. घोळ, दाढा, सुरमई यांसारखे जाड मांसाचे मासे चिरून मिठात मुरवतात. त्यांत मीठच टिकवण्याचं काम करतं. बोंबलाची रीत निराळी. झाईपासून धाकटी डहाणू, वरोरपर्यंत कुठेही पावसाळ्यानंतर गेलं तर मासळी वाळवायच्या बांबूंच्या वलांड्या दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच. ऊन आणि खारा वारा ते शोषून घेतात आणि परंपरेने त्याला मीठ लावावं लागत नाही. जवळाही असाच जमिनीवर पसरून उन्हात वाळवतात.

म्हणून बाजारात विचारावं, “मीठ लावलंय का?” विकणारी बाई खरं सांगते. तिला तिचा माल ठाऊक असतो. मात्र बिनमिठाचा म्हणजे सोडियम नसलेला नव्हे. पाणी उडालं की माशातलं मूळचं सोडियम घट्ट होतं. तेव्हा ताटात दोन-तीन बोंबील, तेही रोज नव्हे. तुकडे करून तव्यावर हलके भाजावेत, कोमट पाण्यात भिजवावेत आणि ते पाणी फेकून द्यावं. मग कांदा, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि वांगं घालून शिजवावेत. शेवटी कैरी किंवा लिंबू. वरून मीठ नको. आंबटपणा आणि भाजल्याचा खमंगपणा मिळून जिभेची तक्रार बरीच मिटवतात. कोकमाचं आगळ मात्र वापरू नये, ते मिठातच मुरलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट चमचाभर, सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम. एका उडदाच्या पापडातच त्यातले २०० च्या आसपास जातात. लोणचं, फरसाण, खारी, टोस्ट यांचा हिशेब निराळा. त्यापुढे नागलीची किंवा तांदळाची बिनमिठाची भाकरी सरस ठरते. गोडाला घोलवडचा चिकू. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळात सोडियम नगण्य असतं. मधुमेह असेल तर मात्र तोही मापात. ‘कमी सोडियमचं मीठ’ परस्पर आणू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंड दुबळं असेल किंवा हृदयाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं.

पालेभाजीचं पथ्य मिठासारखं नाही. मीठ कमी करायचं, पाला मात्र सारखा ठेवायचा. प्रौढाला ‘के’ जीवनसत्त्व दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं. माठ, शेवग्याचा पाला अशा हिरव्यागार भाज्यांच्या एका वाटीत त्याहून कितीतरी अधिक असू शकतं. उन्हाळाभर पाला न खाता गोळीची मात्रा ठरली आणि आषाढात रोज दोन वेळा टाकळा सुरू झाला, तर आयएनआर खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. श्रावण सरल्यावर पाला एकदम थांबला, तर उलट रक्तस्रावाची भीती. आठवड्यातले ठरावीक दिवस, ठरावीक वाटी, बाराही महिने. हीच खरी शिस्त. दुधी, वांगं यांची तेवढी काळजी नाही.

ताडी, जडीबुटीचे काढे आणि अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या यांपासून मात्र लांबच राहावं. शौचाला काळं होणं, हिरड्यांतून रक्त येणं, डोक्याला मार लागणं यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

डहाणू-तलासरीत पथ्याचा कागद लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यावर ब्रोकोलीऐवजी टाकळा, माठ, शेवग्याचा पाला लिहावा आणि खारवलेली व उन्हात वाळवलेली मासळी वेगवेगळ्या ओळींत मांडावी. घरच्यांनीही ताटातला पाला वाढवण्याआधी किंवा थांबवण्याआधी डॉक्टरांना सांगावं आणि पहिल्या पावसानंतरची आयएनआर चाचणी चुकवू नये.