दवाखान्यातला पहिला डबा फुकट, पुढचे कोणी भरायचे? नवजात बाळाच्या पावडर दुधाचा कायदा आणि हिशेब

मुरगाव : सरकारी इस्पितळात बाळंतपण मोफत, सिझेरियन मोफत, औषधे मोफत, बाळंतिणीचे जेवणसुद्धा मोफत. मग बाळाला वरचे दूध लागले तर ते मेडिकलमधून विकत का आणायचे? वास्को-बायणापासून पेडणे-डिचोलीपर्यंत आणि सीमेपलीकडे बांदा-दोडामार्गपर्यंत प्रसूती वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ 'द्या' किंवा 'देऊ नका' असे एका शब्दात देता येत नाही. दूध कोणाला द्यायचे, कोणाच्या पैशातून द्यायचे आणि किती दिवस द्यायचे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

कायदा काय सांगतो?

या विषयावर देशात स्वतंत्र कायदा आहे. अर्भक दूध पर्याय, दूधबाटल्या आणि अर्भक आहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण नियंत्रित करणारा हा कायदा १९९२ साली झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. २००३ मध्ये दुरुस्ती करून तो अधिक कडक करण्यात आला. कायदा केंद्राचा असल्याने गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांत सारखाच लागू आहे. म्हणजे सावंतवाडीची बाळंतीण बांबोळीला गोमेकॉत आली, तरी नियम बदलत नाहीत.

त्यातल्या मुख्य तरतुदी सोप्या भाषेत अशा :

• दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठीच्या पावडर दुधाची, दूधबाटलीची आणि बेबी फूडची जाहिरात करता येत नाही.

• कंपनीला आईला किंवा गरोदर बाईला नमुना डबा, भेटवस्तू किंवा सवलतीचे कूपन देता येत नाही. विक्री वाढवण्यासाठी तिच्याशी संपर्क साधणेही गुन्हा आहे.

• पावडर दूध किंवा बाटल्या दान करायला बंदी आहे. अपवाद फक्त अनाथाश्रमाचा.

• इस्पितळात या उत्पादनांचे फलक, पोस्टर लावता येत नाहीत. डॉक्टर, नर्स यांना कंपनीकडून पैसे किंवा भेट घेता येत नाही.

• डब्यावर 'आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम' या अर्थाची सूचना ठळक हवी आणि बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायचे नाही.

नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

याच कायद्याच्या आठव्या कलमात गरीब आईसाठी एक वाट मोकळी ठेवलेली आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. जी आई बाळाला अंगावर पाजूच शकत नाही आणि जिला डबा विकत घेणे परवडत नाही, तिला माता-बालकांची काळजी घेणारी आरोग्य संस्था पावडर दूध देऊ शकते. म्हणजे 'कायद्याने बंदी आहे, आम्ही काही देऊ शकत नाही' हे वाक्य पूर्ण खरे नाही. कंपनीने फुकट वाटायला बंदी आहे. गरज तपासून इस्पितळाने द्यायला नाही. मात्र दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात, एक पुरत नाही.

कंपनीच्या फुकट डब्यावर एवढा राग का?

गेल्या शतकात साठ-सत्तरच्या दशकांत गरीब देशांतल्या प्रसूती वॉर्डांत कंपन्यांचे डबे फुकट पोचत होते. काही ठिकाणी नर्ससारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बायका आयांना सल्ला देत. घरी गेल्यावर डबा विकत घ्यावा लागे, तो पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले जाई, पाणी शुद्ध नसे आणि बाळे जुलाबाने व कुपोषणाने दगावत. १९७४ साली ब्रिटनमध्ये यावर एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेतून नेस्ले कंपनीवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. त्यातूनच २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताचा १९९२ चा कायदा या संहितेवरच उभा आहे.

पुढे १९८६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने एक नेमकी गोष्ट सांगितली. प्रसूती वॉर्डात काही मोजक्या बाळांना पावडर दूध लागणारच. ते इस्पितळाने इतर वस्तूंसारखे नेहमीच्या खरेदीतून आणावे, फुकट किंवा सवलतीत घेऊ नये. १९९४ मध्ये ही अट सगळ्या आरोग्य यंत्रणेला लावण्यात आली. कारण साधे आहे. फुकट आलेली वस्तू कपाटात पडून असली की ती गरज नसलेल्या बाळालाही दिली जाते. विकत आणलेल्या वस्तूची नोंद ठेवावी लागते आणि नोंद ठेवायची म्हटली की हात आखडतो.

अमेरिकेतही हे उशिरा का होईना पटले. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रसूती इस्पितळांनी घरी जाताना फुकट डब्याची पिशवी देणे बंद केले. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने सहभागी इस्पितळांना पावडर दूध औषधासारखे कुलपात ठेवून नोंद करूनच द्यायला सांगितले.

तीन दिवसांचा खर्च आणि सहा महिन्यांचा खर्च

आता आकडे मांडून पाहू. तीन किलोच्या बाळाला पहिले तीन दिवस सगळे वरचेच दूध दिले, तरी मिळून साधारण ७०० मिलि लागते. शंभर मिलिला १३ ग्रॅमच्या आसपास पावडर धरली, तर सुमारे ९५ ग्रॅम. म्हणजे ४०० ग्रॅमचा पाव डबा. डब्याला ४०० रुपये धरले, तर इस्पितळाला किंवा कंपनीला हे शंभर रुपयांत पडते.

पाच किलोच्या बाळाला दिवसाला ७५० मिलि दूध लागते, म्हणजे जवळपास १०० ग्रॅम पावडर. एक डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे. सहा महिन्यांत पंचेचाळीसच्या आसपास डबे होतात आणि खर्च अठरा हजारांवर जातो. बाटल्या, गॅस, जुलाब झाले तर डॉक्टर हे वेगळेच. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळतात पाच हजार. ते दोन महिनेही पुरणार नाहीत.

शंभर रुपये गुंतवून अठरा हजारांचे गिऱ्हाईक मिळते, हा धंद्याचा सरळ हिशेब आहे. बंदराच्या आवारात रोजावर जाणाऱ्या किंवा बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबाला हा खर्च झेपत नाही, मग चार चमचे पावडर टाकायच्या जागी दोन पडतात. बाळाचे पोट पाण्याने भरते, वजन वाढत नाही. धोका खरा इथे आहे.

'दूध येत नाही' म्हणजे काय?

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस स्तनातून पिवळसर, घट्ट चीक येतो. तो थोडाच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतेही एका वेळी चमचा-दीड चमचाच. चिकात रोगप्रतिकारक घटक भरपूर असतात, त्यामुळे त्याला पहिली लस म्हणतात. खरे दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरते. सिझेरियनमध्ये थोडे उशिरा.

दूध किती तयार व्हायचे हे बाळ किती ओढते यावर ठरते. स्तन जितका रिकामा होईल तितके दूध पुन्हा भरते. दुसऱ्या दिवशी बाळ रडले म्हणून बाटली दिली, की त्याचे पोट भरते, ते झोपते आणि ओढत नाही. शरीर समजते मागणी नाही. चौथ्या दिवशी दूध खरोखरच कमी पडते आणि 'बघा, हिला दूधच नव्हते' असे सगळे म्हणायला मोकळे.

गोव्यात हा मुद्दा जास्त लागू पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले. देशाची सरासरी २१.५ टक्के आहे. त्याच सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळे होती फक्त ४१.८ टक्के. दवाखान्यात पोचूनही पहिला तास हुकतो. ऑपरेशन झालेल्या आईला टाके दुखत असताना बाळ कसे धरायचे, हे शेजारी बसून दाखवणारी नर्स हवी. एका नर्सकडे भरलेला वॉर्ड असेल, तर बाटली हा सोपा मार्ग ठरतो.

खरी गरज कोणाला?

काही बाळांना वरचे दूध लागतेच आणि तिथे उशीर करणे घातक आहे. आई दगावली असेल किंवा अतिदक्षता विभागात असेल, तिला कर्करोगाची केमोथेरपी चालू असेल, बाळाला गॅलॅक्टोसेमियासारखा जन्मजात विकार असेल. दीड किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा ३२ आठवड्यांआधी जन्मलेले बाळ असेल, रक्तातली साखर उतरत असेल आणि आईचे दूध पुरत नसेल, तर तात्पुरते पूरक दूध लागू शकते. जुळ्यांना मात्र 'दोन आहेत म्हणून' डबा लागतोच असे नाही.

सर्दी-ताप, कावीळ ब, लहान स्तन ही कारणे नव्हेत. एचआयव्हीबाधित आईनेही औषधे नियमित घेत पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावे, असेच राष्ट्रीय धोरण आहे.

ज्या आईला खरोखर जमत नाही, तिला दोषी धरणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय. बाळ उपाशी राहता कामा नये, हा पहिला नियम. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, सुस्ती, दहा टक्क्यांहून जास्त वजन घट, यांपैकी काहीही दिसले तर 'थांबून बघू' म्हणू नये.

डब्याआधीचा पर्याय : दूधपेढी

आईचे दूध नाही म्हटल्यावर थेट डबा, असे नाही. मधली पायरी आहे दुसऱ्या आईच्या दुधाची. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. बाजूलाच धारावी. तिथल्या बायकांनी दिलेल्या दुधावर अशक्त, कमी दिवसांची बाळे वाढली.

दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोग यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून उणे २० अंशांवर गोठवले जाते. २०१७ मध्ये केंद्राने सरकारी इस्पितळांतल्या अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हे दूध विकता येत नाही. मे २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मानवी दुधाच्या व्यापाराला परवानगी नसल्याचे पुन्हा बजावले.

मग इस्पितळाने द्यावे का?

कायदा आणि अनुभव एकत्र ठेवले, तर उत्तर असे निघते : द्यावे, पण औषधासारखे. आधी आईचे काढलेले दूध, मग पेढीचे, मग पावडर. डॉक्टरांनी कारण केसपेपरवर लिहावे. डबा इस्पितळाने आपल्या पैशातून घेतलेला असावा, कंपनीचा आलेला नसावा. वॉर्डात पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटलीने नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या गरीब आईला पुढेही अंगावर पाजता येणार नाही, तिला तीन दिवसांनी वाऱ्यावर सोडू नये. सुरू केले तर सहा महिने पुरवण्याची सोय हवी. अशी बाळे थोडी असतात, त्यामुळे खर्च सरकारला झेपण्यासारखा आहे. राहिलेला पैसा स्तनपान शिकवणाऱ्या नर्सवर लावला, तर डब्याची गरजच कमी होईल. आईचे दूध सर्वत्र मिळाले तर जगभरात वर्षाला सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात, असा अंदाज २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने मांडला आहे.

आईलाही वेळ मिळायला हवा. २०१७ पासून पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती नोकरीत असलेल्यांना. मासळी विकणारी, घरकाम करणारी बाई महिनाभरात कामावर जाते. तिला 'सहा महिने फक्त अंगावरचे' सांगणे सोपे, जमवणे कठीण.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे

• वॉर्डात कोणी डबा सुचवला तर विचारा : कारण काय, किती मिलि, किती दिवस? ते केसपेपरवर लिहून घ्या.

• मध, गुटी, साखरपाणी पहिल्या सहा महिन्यांत नको. साधे पाणीसुद्धा नको.

• पावडर दूध द्यायचेच असेल, तर उकळलेले पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच वापरा, म्हणजे उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. पावडर निर्जंतुक नसते. पाजण्याआधी कोमट करा, उरलेले टाकून द्या.

• डब्यावरचे माप पाळा. डबा पुरवायला पातळ करू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आठव्या कलमाचा उल्लेख करा.

• वरचे दूध सुरू झाले म्हणून अंगावरचे बंद करू नका. वारंवार पाजत राहिल्यास दूध परत वाढू शकते. मात्र डबा एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा.

• सिंधुदुर्ग, बेळगाव भागात घरी परतल्यावर आशाताईंच्या भेटी असतात, बेचाळीस दिवसांत सहा. गोव्यात एएनएम आणि अंगणवाडी सेविकेला गाठा. दुखरी बोंडे, भरलेले स्तन यांवर पहिल्याच आठवड्यात मदत मिळाली तर पुढचे सोपे जाते.

• कंपनीचा माणूस नमुना डबा देत असेल, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. मुंबईची 'अकॅश' आणि दिल्लीची 'बीपीएनआय' या संस्थांनाही केंद्राने अशा तक्रारींसाठी अधिकृत केलेले आहे.