ओळीअखेरचा शब्दभंग : उच्चार, व्युत्पत्ती आणि लिपी

ओळीच्या अखेरीस न मावणारा शब्द संयोगचिन्ह घालून कोठे तोडावा, हा प्रश्न वरवर पाहता मुद्रकाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी भाषाशास्त्रीय तत्त्व आहे. इंग्रजीतील ‘नॉलेज’ हा शब्द अमेरिकन परंपरा उच्चारास अनुसरून ‘एल’ या वर्णानंतर तोडते. ब्रिटिश परंपरा ‘नो’ हे मूळ अभंग राखून ‘डब्ल्यू’नंतर तोडते. यामुळेच अक्षरजुळणीच्या संगणकीय प्रणालीस या दोहोंकरिता स्वतंत्र नियमसंच द्यावे लागतात.

या नियमांची पद्धती फ्रँकलिन लिआंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९८३ च्या प्रबंधात मांडली. वर्णसमूहांच्या मध्ये अंक योजावयाचे. विषम अंक विभागास अनुमती देतो, सम अंक निषेध करतो आणि एका स्थानी अनेक अंक आल्यास सर्वांत मोठा ग्राह्य धरतात. कोशातील शब्दसूचीवरून काढलेले असे ४४४७ वर्णबंध अमेरिकन इंग्रजीची सुमारे ८९ टक्के विभागस्थाने ओळखतात.

क्नूथ यांच्या ‘टेक्’ प्रणालीसाठी संतोष तोट्टिंगल यांनी सिद्ध केलेला मराठी नियमसंच मात्र शब्दसूचीवर नव्हे, लिपीच्या घटनेवर आधारलेला आहे. स्वर, स्वरचिन्ह व व्यंजन यांपाशी १. हलन्तचिन्हाच्या दोन्ही बाजूंस २. परिणामी जोडाक्षर अभंग राहते.

येथे दोन निरनिराळे विरोध संभवतात. ‘आर्णी’ या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाचे नाव उच्चारात ‘आर्’ आणि ‘णी’ असे विभागते. पण ती सीमा जोडाक्षराच्या पोटात असल्याने नियमांस ‘आ-र्णी’ एवढेच शक्य दिसते. हा विरोध लिपीनेच निर्माण केला आहे, आणि वाचकही त्यास सरावलेला आहे. ‘यवतमाळ’ची गोष्ट वेगळी. उच्चार ‘य-वत-माळ’ असा असूनही नियम ‘यवत-माळ’ आणि ‘यव-तमाळ’ या दोहोंस सारखीच अनुमती देतात. दुसऱ्या विभागाने वाचक क्षणभर अडखळतो. लिहिलेला परंतु न उच्चारलेला अकार लिपीत दिसत नाही, म्हणून यंत्रासही तो कळत नाही.

अपवादसूची हा उपाय अपुरा ठरतो. कारण ती संपूर्ण शब्दच ओळखते. ‘यवतमाळला’, ‘यवतमाळहून’, ‘यवतमाळच्या’ यांची स्वतंत्र नोंद करावी लागेल. विभक्तिबहुल मराठीस अकारलोपाचे नियम जाणणारी, उच्चारसीमा दर्शविणारी शब्दसूचीच आधारभूत हवी. ती सिद्ध करणे हे यंत्रज्ञाचे नव्हे, ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाचे कार्य आहे.