घरातला पाटकरी

मे महिन्यात जळगावात कुणाकडे दुपारी गेलं, की दार उघडण्याआधी कूलरचा घरघराट ऐकू येतो. मावशीकडेही तेच. माठातलं पाणी हातात देताना तिनं पहिली तक्रार उन्हाची केली नाही, नेटची केली. "शंभरचा प्लॅन आहे म्हणे. आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला की पुण्याची नात तोंड उघडं ठेवून तशीच गोठते. नेटवाल्याला चारदा फोन केला, तो म्हणतो आमच्याकडून बरोबर येतंय."

नेटवाला खोटं बोलत नव्हता आणि मावशीही नव्हती. त्याची तार जिथं संपते आणि मावशीचा पलंग जिथं सुरू होतो, त्या मधल्या पंधरा-वीस फुटांची चौकशी कुणीच केलेली नव्हती. खानदेशातल्या घरात तर त्या फुटांमध्ये बरंच काही उभं असतं.

आधी नेट घरापर्यंत कसं येतं ते पाहू. खांबावरून येणाऱ्या बारीक काळ्या वायरीच्या पोटात केसाएवढी काचेची तार असते. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो, आणि तोही डोळ्याला न दिसणारा. म्हणून निघालेल्या टोकात डोकावून पाहायचं नाही. काही दिसत नाही याचा अर्थ तिथं काही नाही असा होत नाही. वाटेत एखाद्या खांबावरच्या डबीत स्प्लिटर असतो. एका तारेतला प्रकाश तो आठ, सोळा किंवा बत्तीस घरांमध्ये वाटून देतो. या डबीला वीज लागत नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढे वीज जाण्याचा विषय येईल तेव्हा ते कामाला येईल.

घरातल्या डब्यावरचे दोन दिवे ओळखता आले की निम्मे फोन वाचतात. 'पॉन' लिहिलेला हिरवा दिवा न लुकलुकता लागलेला असेल, तर प्रकाश पोचतो आहे. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर प्रकाश पोचतच नाही. रस्त्याच्या कामात तार तुटली असेल, नाहीतर घरातच कुणी ती खिळ्याला घट्ट गुंडाळली असेल. काचेची तार फार वाकवली की त्या वळणावर प्रकाश बाहेर गळतो. तिचा वेढा निदान चहाच्या बशीएवढा तरी हवा. कपाटामागे दाबली गेलेली तार मोकळी करूनही दिवा लालच राहिला, तर मग नेटवाल्याला फोन करायचा. डबा दहादा बंद-चालू करून लाल दिवा हिरवा होत नाही.

मावशीकडचा दिवा हिरवा होता. मग डब्यापासून दोन हातांवर उभं राहून मोबाइलवर वेग मोजला: ९४. आतल्या खोलीत पलंगावर बसून मोजला: ३. म्हणजे नेटवाल्यानं शंभरातले चौऱ्याण्णव दारात आणून टाकले होते आणि बाकीचे घरातच कुठंतरी जिरत होते. अशी दोन मोजमापं दोन मिनिटांत होतात आणि भांडण कुणाशी करायचं ते ठरतं. डब्याजवळही वेग कमी निघाला, तरच पलीकडच्याला जाब विचारावा.

इथं आकड्यांचा एक घोळ सोडवून टाकतो. प्लॅनमधले शंभर हे मेगाबिट असतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये लिहितात. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून शंभराला आठानं भागायचं. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरले म्हणजे प्लॅन पुरेपूर मिळतो आहे. ७०० मेगाबाइटच्या पिक्चरला साधारण मिनिटभर लागतो. "शंभरचं नेट आणि उतरतंय बाराच" ही तक्रार बहुतेक वेळा या भागाकारात विरघळते.

आता त्या पंधरा-वीस फुटांकडे येतो. त्यासाठी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या मामाच्या शेतावर एक चक्कर मारावी लागेल.

पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फडबागायत चालत आली आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. एका फडात बहुधा एकच पीक. पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही, पाळीनं मिळतं, आणि ते देण्याचं काम पाटकऱ्याचं. आता समजा, एका शेताचा सारंग उंदरांनी पोखरला आहे. त्या शेताला भिजायला दुप्पट वेळ लागतो. नुकसान त्याचं होतंच, पण त्याच्यानंतर पाळी असलेले सगळे बांधावर ताटकळत बसतात.

वायफाय नेमकं असंच चालतं. आपल्याला वाटतं, घरातल्या पाच मोबाइलांना राउटर एकाच वेळी पाणी पाजतो आहे. प्रत्यक्षात एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे ऐकत थांबतात. पाळ्या सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या असल्यामुळे सगळं एकदम चालल्याचा भास होतो. जवळचा मोबाइल ३०० मेगाबिटच्या वेगानं बोलत असेल तर १,५०० बाइटचं एक पाकीट तो ०.०४ मिलिसेकंदात उरकतो. तेच पाकीट आतल्या खोलीतला मोबाइल ६ मेगाबिटनं घेत असेल तर २ मिलिसेकंद खातो, म्हणजे पन्नासपट. वेग एवढा का पडतो? आवाज नीट ऐकू येईना की आपण सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतो. राउटरही तेच करतो. त्यामुळे आतल्या खोलीत नात गोठली, की हॉलमध्ये राउटरशेजारी बसून मॅच बघणाऱ्या काकांचीही मॅच अडखळते. काका प्लॅन वाढवायला सांगतात. कालव्याला पाणी वाढवून पोखरलेला सारंग दुरुस्त होत नाही, हे त्यांना शेतात चांगलं कळतं.

पाटकऱ्याची उपमा एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवं. जुन्या वायफायमध्ये राउटर पाळ्या लावत नाही. प्रत्येक उपकरण आधी कान देऊन ऐकतं, कुणी बोलत नाही असं पाहतं आणि मगच तोंड उघडतं. खरा पाटकरी आला तो 'वायफाय ६' लिहिलेल्या राउटरांत. ते पाळ्या स्वतः लावतात आणि एकाच पाळीत दोन-चार जणांना थोडं थोडं देऊही शकतात. पण मोबाइलही तेवढा नवा असावा लागतो.

मावशीच्या घरातला पोखरलेला सारंग म्हणजे तिचा कूलर. एका कूलरमध्ये दोन खोल्या भागवायच्या म्हणून तो हॉल आणि आतली खोली यांच्यामधल्या दारात ठेवलेला. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. म्हणजे राउटर आणि पलंग यांच्या बरोबर मधे पत्र्याची पेटी आणि तिच्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी. पत्रा लहरी परतवतो. पाणी त्या पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी अन्नातलं पाणी तापवतो आणि आपलं जुनं वायफाय त्याच्याच शेजारी, २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. (घाबरू नका. ओव्हनची ताकद सात-आठशे वॉट, तुमच्या राउटरची वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यानं कूलरचं पाणी काही तापत नाही.) लोखंडी कपाट, कपाटाचा आरसा, गच्चीवरची भरलेली टाकी, स्लॅबमधल्या सळया हे सगळे याच जातीचे अडथळे.

मे महिन्यात जळगावकराला कूलर हलव म्हणणं शहाणपणाचं नाही. म्हणून राउटर हलवला. टीव्हीमागून काढून दारावरच्या उंच फळीवर, कूलरच्या डोक्यावरून आत बघेल असा ठेवला. तार सात-आठ फूट लांबवावी लागली. ते काम नेटवाल्याचा मुलगा येऊन करून गेला. काचेच्या तारेचा जोड पकडीनं आणि टेपनं होत नाही, त्याला यंत्र लागतं, तेव्हा तिथं स्वतः हात घालू नये. आतल्या खोलीत आकडा आला ४१. काकांची मॅचही सुरळीत झाली.

राउटर माळ्यावर टाकायचा मोह मात्र टाळावा. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा: बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच चालतील असं कंपनीनंच छापलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५च्या पुढं जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. दुपारी दोनला नेट अडकतं आणि रात्री आपोआप बरं होतं, असं दिसलं तर आधी डब्याला हात लावून बघा. त्यावर क्रोशाचा रुमाल घातला असेल तर तो काढा. कूलरचा झोत मात्र थेट त्याच्यावर घ्यायचा नाही, त्या वाऱ्यात ओल असते.

मोबाइलमध्ये एकाच घरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी 'फाइव्ह जी' लावलेलं. त्याचा मोबाइल कंपनीच्या फाइव्ह जीशी काही संबंध नाही. हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा: वेग जास्त, पण भिंतीपुढं लवकर हात टेकतो. साधा २.४चा पट्टा दूर जातो, पण तिथं गर्दी फार. जानेवारी २००५ मध्ये सरकारनं या पट्ट्याला परवान्यातून सूट दिली आणि आता तिथं सगळेच राहायला आलेत: वायफाय, ब्लूटूथ, ओव्हन. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर त्याला पाचवर घाला, आतल्या खोलीतल्या मोबाइलांना २.४वर ठेवा. गल्लीत घराला घर लागून असेल तर शेजाऱ्यांचे राउटरही त्याच चॅनलवर पाळ्या खात असतात. २.४मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारी सहावर असतील तर आपण एक किंवा अकरा घ्यावा. राउटरच्या सेटिंगमध्ये तो बदलता येतो. तिथं गेलाच आहात तर राउटरच्या पोटावर छापलेला मूळ पासवर्डही बदलून टाका. गल्लीतली चार पोरं फुकट मॅच बघतात तेव्हा पैसे जास्त जात नाहीत, पण पाळी तुमचीच जाते.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी एक बारीक युक्ती. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या पसरतात, आकाशाकडे फारशा जात नाहीत. दोन अँटेना असतील तर एक उभी ठेवून दुसरी आडवी पाडा. सळयांचा स्लॅब मधे आहेच, पण अंथरुणावर पडल्या पडल्या मेसेज वाचण्यापुरतं वर पोचतं.

आता वीज जाण्याचा विषय. स्प्लिटरला वीज लागत नाही, आणि नेटवाल्याच्या ऑफिसात बॅटरी असते. त्यामुळे गल्लीतला अंधार तारेतल्या प्रकाशाला शिवत नाही. मरतो तो फक्त घरातला डबा. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात आणि दहा-बारा वॉटच्या वर खात नाहीत. तेवढ्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या: व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर जास्त चालतील, कमी नकोत. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या तर अडॅप्टर काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, पण लाइटच्या बोर्डातून येते.

राहिला मामा. त्याचं घर जुनं, धाब्याचं, भिंती दोन-दोन फूट मातीच्या. मागच्या खोलीत रेंजचा पत्ता नाही. "नेट चाली नही राह्यनं रे भाऊ," म्हणत त्यानं बाजारातून रिपीटर आणून मागच्या खोलीत लावून टाकला होता. रिपीटर जे ऐकतो तेच पुन्हा बोलतो. जिथं काही ऐकूच येत नाही तिथं लावला तर तो बोलणार काय? आणि ऐकू आलं, तरी प्रत्येक गोष्ट त्याच चॅनलवर दोनदा बोलली जाते, म्हणजे पाळ्या दुप्पट आणि वेग निम्मा.

अशा भिंतीला उत्तर एकच, तार. मामाला ते पटवायला वेळ लागला नाही, कारण त्याच्या तालुक्यात त्याचा नमुनाच आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना सुरुवातीलाच जी कामं मिळाली, त्यांत पांझरेच्या प्रवाहाखालून दातर्तीला नळाचा सायफन टाकण्याचं काम होतं. प्रवाह आडवा आला तर पाणी त्याच्या खालून नळानं पलीकडे न्यायचं. भिंतीचं तेच करायचं. पुढच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ची लॅन वायर (शंभर मीटरपर्यंत ती चालते), टोकाला एक जुना राउटर, आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' निवडायचं. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, की मोबाइल घेऊन फिरताना मधे काही करावं लागत नाही. चॅनल मात्र वेगळे: पुढे एक, मागे अकरा. म्हणजे पुढच्याची पाळी मागचा खात नाही.

वायर अंगणातून न्यायची होती आणि निंबावर खारी आहेत, त्या प्लॅस्टिक कुरतडतात. मामानं गोठ्यातून ठिबकचा उरलेला पाइप काढला, एका टोकातून सुतळी फुंकून पलीकडे काढली आणि तिला वायर बांधून मला म्हणाला, "आते तू वढ."